काउन्सेलिंगची पाटी आणि नली-कलीची शिडी

जून उजाडला की बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खानापूर, निपाणीकडचे शिक्षक येऊ लागतात. घोर एकच: "पट घटलाय, मी हेच्चुवरी ठरले तर?" आमच्याकडे मराठी शाळेतल्या शिक्षकांच्या तोंडीही 'अतिरिक्त' नाही, हा कन्नड शब्दच बसलाय. त्यात 'काउन्सेलिंग' म्हणजे त्यांच्या लेखी बदलीची शाळा निवडणं. माझी पाटी वाचून दारातच दचकलेले मी पाहिलेत.

त्यांतल्याच एक बाई, खानापूर तालुक्यातल्या, बावीस वर्षं नोकरी.

"नोकरी जाणार ओ मॅडम."

"कुणी सांगितलं?"

गप्प. जादा ठरलेल्या सरकारी शिक्षकाला दुसऱ्या शाळेत पाठवतात, घरी बसवत नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तिसऱ्या भेटीत खरं बाहेर आलं. "तिथं सगळी कन्नड बोलणारी. मीटिंगमध्ये परिपत्रक वाच म्हटले तर? या वयात हसं होईल."

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी. बदलीपेक्षा 'माझं हसं होताच कामा नये' हा स्वतःलाच घातलेला दंडक माणसाला जास्त छळतो. पण हे शिक्षकाला शिकवायला गेलं की तो मान डोलावतो आणि तसाच घरी जातो. म्हणून मी त्यांच्या वर्गात शिरले, म्हणजे नली-कलीत: कर्नाटकातल्या सरकारी शाळांत लहान वर्गांना खेळत, पायरी-पायरीनं शिकवायची पद्धत.

"नली-कलीत पोर महिनाभर गैरहजर राहून आलं तर?"

"राहिल्या पायरीपासून सुरू करायचं. शिडीच तशी असते."

"बाकीची पुढं गेलेली असतात की."

"जाऊ देत की! ज्याची त्याची गती."

बोलल्या आणि थांबल्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मी मलाच पहिल्या दिवशी वरच्या पायरीवर उभी करायला लागलेय काय?"

नली-कलीचा तो प्रश्न विचारायचं सुचायला मला बरीच वर्षं लागली. आता मात्र तो हमखास लागू पडतो.

तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या याद्या सोडा. आपली सेवाज्येष्ठता कार्यालयात जाऊन बघा. रोज एक जुनं परिपत्रक घरी मोठ्यानं वाचा, अडलं तर कन्नड शिकणाऱ्या पोराला विचारा. नव्या शाळेत आधीच सांगून टाका, "वाचते, पण सावकाश." मराठी शाळेचा पट घटतो याचं दुःख मात्र वेगळं. ते अविवेकी नाही, त्याला मी हात लावत नाही.

यादी अजून लागलेली नाही. परवा बाईंचा फोन आला, सगळं कन्नडमध्ये बोलल्या. मला निम्मं कळलं नाही.