रिव्ह्यूअर म्हणतात 'इंग्रजी सुधारा'. पेपर व्यावसायिक संपादकाकडे द्यावा का?

द्या. पण फाईल मेल करून मोकळं व्हायचा विचार असेल, तर पैसे वाया जातील.

माझं पीएचडीचं काम ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर होतं. पहिला पेपर तुमच्यासारखाच शेरा घेऊन परत आला. गाईडना विचारून मी तो नौपाड्यातल्या एका संपादक बाईंकडे दिला. आठवड्याने ट्रॅक चेंजेसमध्ये, म्हणजे वर्डमध्ये प्रत्येक बदल वेगळा दिसतो त्या सोयीत, लालेलाल झालेली फाईल आली. व्याकरणाच्या दुरुस्त्या ढीगभर होत्या, त्यांचं विशेष नाही. पण तक्त्याशेजारी एक कॉमेंट होती: "मिलिग्राम प्रति किलो म्हणजे कोरड्या गाळाचा किलो की ओल्या?" गाळात पाणी भरपूर असतं, ओल्या वजनावर काढला की तोच आकडा कमी दिसतो. आमचे आकडे सुकवलेल्या गाळाचेच होते, पण पेपरात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला आणि गाईडना ते इतकं अंगवळणी पडलेलं की वाचताना दोघांच्याही नजरेतून सुटलं. 'सिग्निफिकंट' म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं संख्याशास्त्रीय चाचणीने दिसलेलं; या शब्दावरही त्यांनी विचारलं होतं, "चाचणी केली आहे ना?" पावसाळ्यातल्या शिशाच्या आकड्यांवर केलीच नव्हती. केली, फरक टिकला नाही, ते वाक्य काढलं. बाईंचा विषय रसायनशास्त्र नव्हे, तरी त्यांनी हे पकडलं. त्यांच्याबद्दल आजही मनात कृतज्ञता आहे.

त्यांचंही एका ठिकाणी चुकलं. 'असोसिएटेड विथ' असं मी लिहिलेलं, त्यांनी वाक्य सुटसुटीत करताना 'कॉज्ड बाय' केलं. आम्ही संबंध दाखवला होता, कारण सिद्ध केलं नव्हतं. 'ॲक्सेप्ट ऑल' दाबलं असतं तर तो दावा माझ्या नावावर छापला गेला असता. म्हणून एकेक बदल वाचूनच स्वीकारा. शंका उरल्या तर समोरासमोर बसा. मी नेरुळहून ठाणे लोकल पकडून गेले आणि मेलवर चार दिवस रेंगाळलेले मुद्दे तासाभरात मिटले.

देण्याआधी जर्नल नक्की करा, त्यांच्या लेखकांसाठीच्या सूचना सोबत पाठवा आणि एक पान नमुना म्हणून करून घ्या. दर बहुधा शब्दावर असतो. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत आधीच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावरचं साम्य शब्द फिरवून खाली आणून द्या, असं संपादकाला सांगू नका. आणि नुसत्या भाषा-संपादनाने कोणी सहलेखक होत नाही, हे वैद्यकीय जर्नलांच्या आयसीएमजेई समितीच्या निकषांतही स्पष्ट आहे. त्यांचा उल्लेख आभारात करा, तोही विचारून. पेपर छापून आणायची हमी देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडे फाईल देऊच नका, तो निर्णय जर्नलचा असतो.

रिव्हिजनची मुदत किती आहे तेही आजच बघा. बाईंनी एक आठवडा घेतला, पण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं लॅबच्या वह्यांतून शोधायला मला अठरा दिवस लागले.