सगळ्यांना पोहायला येत असेल तर मालवणला बोटीत लाईफ जॅकेट घालायलाच पाहिजे का, आणि बोट कुठली बघावी?

घालायलाच पाहिजे. काठावर असतानाच घालायचं, बोटीत चढायच्या आधी, आणि परत वाळूत पाय टेकेपर्यंत काढायचं नाही. झालं तुमचं उत्तर. पण 'घरात सगळ्यांना पोहायला येतं' असं तुम्ही जे लिहिलंय ना, ते वाक्य आमच्या दाजींचं आहे, शब्दाला शब्द, त्यामुळं आता पुढचंही ऐकावं लागेल.

मी कोल्हापूरचा. इथं पोहण्यावरनं कुणाला अक्कल शिकवायची सोय नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेली आमची पिढी. पंचगंगेला पूर आला की पुलावरनं उड्या टाकणारी पोरं असतातच, पोलिसांनी किती हाकलली तरी. वीरधवल खाडे इथलाच, 2008 च्या ऑलिंपिकला गेलेला, त्याचा अभिमान आहे सगळ्यांना, पण त्यामुळं झालंय काय की गल्लीतला जो तो स्वतःला वीरधवल समजायला लागलाय. दाजी त्यात एक नंबर. थोरल्या बहिणीचे मिस्टर, तब्येतीनं पैलवान, सकाळी घाटावर पोहणार म्हणजे पोहणार. आणि पोहतात पण एकदम भारी, ते नाही म्हणत नाही मी. मी पण त्यांच्याच बरोबर पाण्यात असतो, त्यामुळं 'तुला पोहता येत नाही म्हणून भितोस' असं मला म्हणता येत नाही त्यांना. तरी म्हणतात.

तर दिवाळी झाल्यावर सगळं खटलं घेऊन आम्ही मालवणजवळच्या देवबागला गेलतो, ट्रॅव्हलर करून, गगनबावड्यानं उतरून. दुपारची बोट ठरवली, डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड, ते ठरलेलं पॅकेज. बोटवाल्यानं जॅकेटं दिली, म्हणजे फळीखालनं ओढून पुढ्यात टाकली. ओली, कुबट, काहींची बकलं तुटलेली. बायकांनी नाकं मुरडली. दाजींनी एक उचललं आणि बुडाखाली घेऊन बसले, फळी टोचते म्हणून. मी म्हटलं दाजी घाला की, तर सगळ्यांच्या देखत मला म्हणतात, "आरं आम्ही पुरात उड्या मारल्यात, हे डबकं काय करतंय." अरबी समुद्राला डबकं! बोटवाला पण हसला, काय होत नाही हो म्हणाला. तेवढ्यात भाचा बोंबलला, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" सगळी बोट खिदळली, फक्त बोटवाल्याचं हसू तेवढं गेलं.

संगमावर पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. कर्ली नदीचं पाणी जोरात बाहेर निघालेलं आणि समोरनं वारं आणि लाट आत येत होती. ही दोन्ही जिथं भिडतात तिथं लाट उभी राहते, एकीच्या मागं लगेच दुसरी, आणि खाली वाळू साठून पाणी उथळ असलं तर फुटतेच. काठावरनं बघताना यातलं काही कळत नाही. कुणीतरी "डॉल्फिन!" म्हणून ओरडलं, निम्मी बोट एका अंगाला सरकली, दाजी मोबाईल घेऊन उभे राहिले, बोट लाटेवरनं खाली आपटली आणि दाजी गेले. ओरडले पण नाहीत.

जीन पँट, पायात बूट, खिशात पाकीट. वर आले ते नेमके पुढच्या लाटेच्या तोंडात, त्यामुळं पहिल्याच श्वासाला पाणी आत. मला वाटलं आता चार हात मारून येतील. हात मारत होतेच हो, पण बोटीकडं, म्हणजे ओढीच्या उलटं, आणि आमच्यातलं अंतर वाढतच चाललेलं. बोटवाल्याला गर्रकन वळता येईना, कारण भरलेली बोट तिथं लाटेला आडवी घातली की बाकीचे पण पाण्यात, आणि माणसाजवळ जाताना इंजिनाच्या पंख्याची भीती वेगळीच. ताई किंचाळायला लागली, पोरं रडायला लागली. पाण्यात माणसाचं डोकं म्हणजे तरंगणारा नारळ, दोन लाटांच्या मधल्या खळग्यात गेलं की दिसत नाही. मी एकच केलं, नजर हलवली नाही आणि हात त्यांच्या दिशेला धरून ठेवला, बोट फिरली तसा हात फिरवला. शेवटी मागनं येणाऱ्या दुसऱ्या बोटीतल्या पोरानं दोरी बांधलेला रिकामा कॅन फेकला आणि दाजींनी तो धरला. वर ओढलं तेव्हा ओठ पांढरे पडलेले, बोलता येईना, नुसत्या उलट्या.

रात्री सुरमईच्या ताटावर बसल्यावर वाचा फुटली. "मी मुद्दाम उडी मारली. पोरांना दाखवायला." तेव्हापासनं प्रत्येक लग्नात, बारशाला हीच स्टोरी, आणि दर वेळी तीत थोडी भर. मागच्या जागरण-गोंधळात तर डॉल्फिन त्यांच्या अंगावरनं गेला म्हणे. पाकीट खिशात आणि मोबाईल हातात ठेवून कोण उडी मारतंय हो? तुम्हीच सांगा.

मुद्दा असा की घाटावर पोहणं आणि समुद्रात पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाटावर आपण ठरवून, लंगोट लावून, अंग गरम करून उतरतो, काठ समोर दिसत असतो. बोटीतनं पडतो तेव्हा कपड्यानिशी, बेसावध, कदाचित डोकं आपटून. अमेरिकेचं कोस्ट गार्ड हौशी बोटिंगच्या अपघातांचा दरवर्षी हिशोब मांडतं, 2022 च्या आकड्यात बुडून गेलेल्यांपैकी 85 टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. ते सगळे काय पोहता न येणारे होते का? यावर दाजी म्हणतात, ती अमेरिका. बरं, मग मुंबई घ्या. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेवरनं घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, इंजिनाची चाचणी चाललेली तिची. दोन्ही बोटींतली मिळून 15 माणसं गेली. तिथं तुमचं पोहणं आणि तुमच्या तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं, कसब काय करणार, समोरचाच येऊन धडकला तर? त्याच्यानंतर गेटवेवर सगळ्यांच्या अंगात जॅकेट चढवायला लागले. आणि तारकर्लीलाच 24 मे 2022 ला स्कूबा करून परत येणारी बोट उलटली, दोघं गेले. मे अखेर म्हणजे सीझन संपता संपता, दर्या फिरलेला असतो.

बोट कुठली, तर नाव घेत नाही मी कुणाचं. महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाचा परवाना आणि किती माणसांची परवानगी ते विचारा, विचारल्यावर चिडला तर दुसरी बोट बघा. सकाळची घ्या, दुपारनंतर वारं उठतं. लहान पोरांच्या मापाचं जॅकेट नसेल तर पोरांना काठावर ठेवा, आज्जीला राग आला तरी चालेल. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघायचं, कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरनं निघून जाणार. आणि बुडाखाली घेऊन बसायचं नाही, आतला फोम दबून त्याची तरंगायची ताकद कमी होते. हे मी दाजींना तोंडावर सांगितलंय, माझ्या वजनानं काय होतंय म्हणाले. शंभर किलोच्या वर आहेत.

बोट उलटलीच तर तिलाच धरून राहायचं. काठ जवळ दिसतोय म्हणून पोहत सुटायचं नाही, आणि घरातला जो सगळ्यात चांगला पोहणारा असतो तोच सुटतो, म्हणून त्याला आधी दम देऊन ठेवा. एकटे पडलात तर ओढीशी भांडू नका, उताणे पडून तरंगा आणि एक हात वर करा. बनाना राईडला, म्हणजे बोटीमागं ओढतात त्या हवेच्या लांबट फुग्यावरनं, शेवटी मुद्दाम पाडतात, नको असेल तर आधीच सांगायचं.

आता तुम्ही म्हणाल की एवढं भ्या घातलंय तर जाऊच नको का. जावा की. आम्ही परत गेलोय, आणि तिथले सगळे बोटवाले तसले नसतात, दाजींना वर काढणारा पण बोटवालाच होता, त्याच्या बोटीत सगळ्यांच्या अंगात जॅकेट होतं. अजून एक, छत असलेल्या बोटीत बसलात तर कडेला बसा, कारण बोट उलटली आणि तुम्ही आत अडकलात तर जॅकेट तुम्हाला वर दाबून धरतं आणि खालनं निघणं अवघड जातं. म्हणून जॅकेटच नको असं नाही, दाजींनी नेमकं एवढंच वाक्य उचललंय.

आणि तलावात काय होतंय असंही म्हणू नका, रंकाळ्यात फिरायचं असलं तरी हेच. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये शाळेच्या सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बऱ्याच मुलांच्या अंगात जॅकेट नव्हतं.

कोस्ट गार्डचा नंबर 1554, दोघातिघांच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा आणि फोन प्लास्टिकच्या पाऊचमध्ये गळ्यात अडकवा. एकट्याच्याच फोनवर विसंबू नका, दाजींचा गेला तसा जातो.