रॉकेटच्या नाकात वजन कशाचं भरावं: प्लास्टिसिन, छर्रे की शिसं?

प्रश्न थोडक्यात असा: मुलीबरोबर बनवलेलं बुटकं रॉकेट आहे. लांबी ३० सेंमी, नळीचा व्यास ६.६ सेंमी, डी१२-५ इंजिन (शेवटचा आकडा म्हणजे जोर संपल्यावर पॅराशूट किती सेकंदांनी उघडतं तो) आत घालून वजन १८० ग्रॅम. नाक पोकळ प्लास्टिकचं, १२ सेंमी लांब. टोकापासून मोजलं तर गुरुत्वमध्य १९ सेंमीवर आणि दाबकेंद्र (हवेचा एकूण दाब जिथे एकवटतो तो बिंदू) २१ सेंमीवर येतं. ओपनरॉकेट हे रॉकेटचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर ‘स्थिरता कमी’ म्हणतंय. घरात प्लास्टिसिन (मुलांची खेळायची, न वाळणारी तेलकट माती) पडलंय, ते कोंबलं तर भागेल का, की शिसं आणायचं?

तुम्ही आणलेल्या इंजिनाला प्लास्टिसिननं भागणार नाही, आणि शिशाची गरजही नाही. एअरगनचे ४.५ मिमीचे स्टीलचे छर्रे आणि एपॉक्सी घ्या. का ते आकड्यांतच दिसतं.

गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या निदान एक व्यासभर पुढे हवा. तुमच्याकडे २१ उणे ६.६, म्हणजे १४.४ सेंमीवर. आत्ता तो १९ वर आहे, म्हणजे ४.६ सेंमी पुढे आणायचा. हिशोब तराजूचाच आहे: १८० ग्रॅम गुणिले ४.६ सेंमी, म्हणजे ८२८. या ८२८ ला, भरलेलं वजन नव्या गुरुत्वमध्याच्या जितकं पुढे असेल त्या अंतरानं भागायचं. वजन टोकाशी ३ सेंमीवर असतं तर अंतर ११.४ आणि उत्तर ७३ ग्रॅम. तेच ७ सेंमीवर असेल तर अंतर ७.४ आणि उत्तर ११२ ग्रॅम. चार सेंमी मागे सरकल्याबद्दल ३९ ग्रॅमचा भुर्दंड.

खरी गोम इथे आहे. नाक निमुळतं असतं. हलका पदार्थ टोकात मावत नाही, मागच्या रुंद भागात चढत जातो, आणि चढला की त्याचा मध्य मागे सरकतो, मग आणखी भरावा लागतो. पदार्थ जड हवा तो याचसाठी. नाक सरळ शंकू धरलं, तर भरलेल्या भागाचा मध्य टोकापासून भरावाच्या पाऊण उंचीवर येतो. तो धरून तुमच्या नाकाचे आकडे असे निघतात:

प्लास्टिसिन (घनता साधारण १.७): ११३ ग्रॅम, भराव ९.४ सेंमीपर्यंत. नाक जवळपास भरलंच.
स्टीलचे छर्रे आणि एपॉक्सी (मिळून ५.३): ८३ ग्रॅम, भराव ५.८ सेंमीपर्यंत.
शिशाचे छर्रे आणि एपॉक्सी (मिळून ७.५): ७८ ग्रॅम, भराव ५ सेंमीपर्यंत.

स्टीलची स्वतःची घनता ७.८५ आणि शिशाची ११.३४, पण गोल छर्रे नुसते ओतले की तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्तच पोकळी राहते आणि ती हलक्या एपॉक्सीनं भरते. म्हणून मिश्रणाचे आकडे असे खाली येतात. भिंतीची जाडी मी धरलेली नाही, आणि नाक गोलसर असेल तर भराव थोडा बुटका होईल. तेव्हा दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होणार.

स्टील आणि शिसं यांत फरक अवघा पाच ग्रॅमचा. त्या पाच ग्रॅमसाठी घरात, त्यातही लहान मुलीच्या हातात, शिसं आणायला माझा विरोध आहे. शिसं विषारी आहे. हातमोजे घाला, हात धुवा, घासू नका, वितळवून ओतू नका, ही सगळी पथ्यं आली. टंगस्टनची पूड किंवा पुटी घेतलीत तर शिशापेक्षा आणखी दोन-तीन ग्रॅम वाचतील आणि खिसा रिकामा होईल. नाकात ट्रॅकर (रॉकेट कुठे पडलं ते रेडिओवरून सांगणारं यंत्र) बसवायचा असल्यामुळे जागाच उरली नसेल, तर टंगस्टनचा विचार करावा. आणि तसा ट्रॅकर असेलच, तर कुठलाही धातू अँटेनाला लागून ठेवू नका.

आता इंजिन. डी१२-५ साठी एस्टिझ या उत्पादक कंपनीनं सांगितलेलं उड्डाणावेळचं कमाल वजन २८३ ग्रॅम आहे. स्टील भरलेलं तुमचं रॉकेट २६३ वर येतं, प्लास्टिसिन भरलेलं २९३ वर. डी१२-३ ला ३९६ ग्रॅमपर्यंत मुभा आहे, म्हणजे ते इंजिन आणलंत तर प्लास्टिसिनसकटही रॉकेट उडेल. पण उंची आणखी कमी होईल आणि पॅराशूट उघडलं नाही तर खाली येणारं नाक ३० ग्रॅमनी जास्त जड असेल. खरं तर २६३ ग्रॅमलाही मी डी१२-३ च घेईन. जड आणि जाडजूड रॉकेट लवकर थकतं, पाच सेकंद थांबलं तर पॅराशूट खाली येताना वेगात उघडतं आणि नळी चिरते.

प्लास्टिसिन वाईट मुळीच नाही. रॉकेट लांब-सडक असेल तर पहिली पसंती त्यालाच. उदाहरणार्थ ४० सेंमी लांब, २.५ सेंमी जाड, १०० ग्रॅमचं रॉकेट घ्या, ज्याचा गुरुत्वमध्य फक्त दीड सेंमी पुढे आणायचाय आणि नाक १० सेंमीचं आहे. तिथे प्लास्टिसिन ७.३ ग्रॅम लागतं आणि शिसं ६.६. एवढ्यासाठी कोण एपॉक्सी कालवत बसेल? बोथट काडीनं टोकात ठोकून बसवा आणि वरून एपॉक्सीचा पातळ थर द्या. हा थर चुकवू नका. उन्हात उभ्या गाडीत प्लास्टिसिन मऊ पडतं, भिंत सोडतं आणि पॅराशूटवर येऊन चिकटतं. बाल्साच्या लाकडी नाकात मात्र ते थेट भरू नका, त्यातलं तेल लाकडात मुरतं आणि रंगाला फुगे येतात. आणि प्लास्टिसिनच म्हणतोय मी, शाडू नव्हे. गणपतीतली उरलेली शाडू वाळली की आकसते, भेगाळते, आणि पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या स्फोटाच्या पहिल्याच दणक्यात तिचा भुगा होतो. वाळू तर नकोच, ती प्लास्टिसिनपेक्षाही हलकी भरते.

भरायची रीत.

रंगकाम आधी उरका. पंखांवरचा रंग शेपटीचं वजन वाढवतो, म्हणजे रंगाआधी केलेला हिशोब फुकट. मग न वापरलेलं इंजिन, पॅराशूट, वॉडिंग (पॅराशूट जळू नये म्हणून घालायचा न पेटणारा कागद) सगळं आत घालून रॉकेट सुतळीच्या फासात आडवं तोला आणि गुरुत्वमध्य पुन्हा मोजा. आधी छर्रे लहान प्लास्टिकच्या पिशवीत घालून नाकात नुसते सोडून बघा. काटा जुळला की मगच एपॉक्सी. एकदा घट्ट झालेलं वजन काढता येत नाही.

८३ ग्रॅममध्ये छर्रे ७६ आणि एपॉक्सी ७ ग्रॅम. एपॉक्सीचं वजन लोक हमखास विसरतात. एक छर्रा साधारण ०.३४ ग्रॅमचा, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास छर्रे. मोजत बसू नका, काट्यावर घ्या.

नाकाचं बूड बंद असेल तर दोरी अडकवायची कडी सांभाळून १५ मिमीचं भोक पाडा. प्लास्टिक हाताला मेणचट लागत असेल तर त्याला एपॉक्सी चिकटतच नाही. भरलेला गोळा आत नुसता अडकून बसतो आणि दोरीला हिसका बसला की सुटून मागे येतो. त्यावर उपाय एकच: टोकापासून ४ सेंमीवर समोरासमोर दोन भोकं पाडून बांबूची काडी आरपार घाला. ओतण्याआधी त्या काडीला केवलारची दोरी बांधून तिचं दुसरं टोक बुडाच्या भोकातून बाहेर काढा. एपॉक्सी काडीभोवती घट्ट झाली की गोळा हलत नाही आणि शॉक कॉर्ड (नाक आणि नळी जोडणारी दोरी) बांधायला भक्कम जागा मिळते. नाकाची मूळ प्लास्टिकची कडी ८३ ग्रॅम जास्तीच्या वजनासाठी बनवलेली नसते, ती तुटते. काडीची बाहेर आलेली टोकं कापा, घासा, पुटी लावा. प्लास्टिक टणक असेल तरी आतून काडीला गुंडाळलेल्या जाड पॉलिशपेपरनं खरवडून, स्पिरिटनं पुसून घ्या.

नाक टोक खाली करून तांदळाच्या ग्लासात उभं करा. एपॉक्सी ३० मिनिटांची घ्या. पाच मिनिटांची छर्र्यांतून खाली झिरपायच्या आत घट्ट होते, तळाशी पोकळी राहते, आणि एकदम जास्त ओतली तर तापून पातळ प्लास्टिक वाकडं करते. आधी दोनेक ग्रॅम एपॉक्सी टोकात सोडा, कारण ४.५ मिमीचा छर्रा अगदी शेवटच्या अरुंद जागेत शिरत नाही. मग निम्मे छर्रे कोरडेच, कागदाच्या नरसाळ्यातून. ग्लासवर टिचक्या मारा, बसू द्या. थोडी एपॉक्सी, उरलेले छर्रे, वरून उरलेली एपॉक्सी. वाटीत आधीच कालवून चमच्यानं घालायला गेलात तर अर्धे छर्रे वर भिंतीला चिकटतील, आणि मागे चिकटलेल्या वजनाचं काय होतं ते वर आलंच आहे. रात्रभर हलवू नका.

पुढच्या वेळी इंजिन बदलून बघायचं असेल तर कायमचा गोळा न करता, टोकात एपॉक्सीनं एम६ ची आटेदार सळई बसवा आणि तिच्यावर वॉशर व लॉकनट चढवा. एम६ चा साधा वॉशर जवळपास एक ग्रॅमचा असतो, त्यामुळे हिशोब सोपा. सळई, वॉशर सगळं आतच हवं. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीचे मॉडेल रॉकेटचे नियम नाक, नळी आणि पंख हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचे हवेत असं सांगतात, तेव्हा धातूचं टोक बाहेर काढू नका.

वजन वाढलं की उतरण्याचा वेगही वाढतो. १८० चे २६३ ग्रॅम झाले की त्याच पॅराशूटवर रॉकेट सुमारे २० टक्के जास्त वेगानं जमिनीवर येईल. पॅराशूटचा व्यासही तेवढाच वाढवा, ३० सेंमीचं असेल तर ३६ चं करा.

जाता जाता: लांबी व्यासाच्या दहापटीपेक्षा कमी असलेल्या रॉकेटना बुडामागे ओढ बसते आणि ती त्यांना सरळ ठेवायला मदत करते. दाबकेंद्र काढायच्या नेहमीच्या सूत्रात ती धरलेली नसते. म्हणून काही जण सॉफ्टवेअरमध्ये बुडाला शून्य वजनाचा शंकू जोडतात. टोक बुडाला टेकलेलं, मागचा व्यास नळीएवढा, लांबी व्यासाच्या ३.१४ पट. तसं केलंत तर लागणारं वजन बरंच कमी दिसेल. मी तरी पहिल्या उड्डाणाला पूर्ण एक व्यास ठेवीन आणि नंतर कमी करीन. दोन व्यासांच्या वर मात्र जाऊ नका, रॉकेट वाऱ्याकडे तोंड करून तिरकं पळतं.

शेवटची तपासणी मोकळ्या जागेत. न वापरलेलं इंजिन आत ठेवून गुरुत्वमध्यावर दोरी बांधा, टेपनं पक्की करा आणि दोनेक मीटर दोरीवर रॉकेट डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे राहिलं तर लाँच पॅडवर न्यायला हरकत नाही. आडवं फिरलं किंवा शेपटी पुढे आली तर दहा ग्रॅम आणखी घालून पुन्हा फिरवा.