'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे

इंग्रजीतून मराठीत भाषांतराला हात घातलात, फार बरं वाटलं. पहिल्याच पानावर 'रन' (run) या क्रियापदापाशी अडलात, त्यात वावगं काही नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एका क्रियापदाचे सहाशेहून जास्त अर्थ आहेत. ते पाठ करू नका. सुरुवातीला एवढंच पुरे:

- आधी कर्ता बघा. माणूस धावतो, नाक वाहतं, यंत्र चालतं, कपड्याचा रंग जातो. इंग्रजीत सगळीकडे 'रन'च.
- कर्म आहे का बघा. दुकान 'रन' करणं म्हणजे चालवणं.
- मागे चिकटलेला छोटा शब्द सोडू नका. नवशिके सगळ्यात जास्त इथेच चुकतात. 'रन आउट ऑफ मिल्क' म्हणजे घरातलं दूध संपलं. 'रन इन्टू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटला, त्याला धडक दिली नाही.

उलटी चूकही होते: लाक्षणिक वापर दिसला की मुद्दाम वेगळा शब्द शोधत बसणं. बस मराठीतही धावतेच, तिथे बिनधास्त 'धावते' लिहा.

नामाचे अर्थ, क्रिकेटच्या धावांसकट, सध्या बाजूला ठेवा. आज फक्त हे वाक्य करून बघा: 'अ शिव्हर रॅन डाउन हर स्पाइन.' मूळ वाक्य झाका, मग तुमचं मोठ्याने वाचा. 'तिच्या अंगावर सर्रकन काटा आला' याच्या आसपास पोचलात की मला कळवा.