मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधावरचे शोधनिबंध नावाने शोधावेत की सीएएस क्रमांकाने (प्रत्येक रसायनाला दिलेला ओळख क्रमांक)?

दोन्हीने, पण जागा बघून. सायफाइंडर किंवा रीॲक्सिस या रसायनशास्त्राच्या डेटाबेसमध्ये नाव टाइप करत बसू नका. रेणूची रचना काढा किंवा सीएएस क्रमांक द्या. फसगत इथेच होते: मेटफॉर्मिनचा क्रमांक ६५७-२४-१, पण गोळीत त्याचा जो क्षार, म्हणजे हायड्रोक्लोराइड, असतो त्याचा १११५-७०-४ (टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक). एकच टाकलात तर दुसऱ्याखाली नोंदलेले निबंध निसटतात. दोन्ही टाका.

गूगल स्कॉलरवर उलटं. बहुतेक लेखांत क्रमांक छापलेलाच नसतो, तिथे नावच चालतं. पबकेम हा रसायनांच्या माहितीचा डेटाबेस फुकट आहे. तिथल्या ‘सिनॉनिम्स’ यादीतून पर्यायी नावं उचला, प्रत्येक नाव दुहेरी अवतरणात घाला आणि मध्ये ‘ओआर’ (OR) लिहा. तो कॅपिटल अक्षरांतच हवा.