नागीण सुकली, तरी आग थांबत नाही. उपचार काय?

तुमच्या आईंचं वय ६८, बरगडीवरची नागीण सुकून चार महिने झाले, तरी आग होते आणि दुखण्याच्या गोळ्यांनी उतार पडत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण माझ्या वडिलांचं हेच झालं होतं.

आमचं गाव निफाड तालुक्यात. डिसेंबरातली तिथली थंडी नाशिककरांना सांगायला नको. त्या थंडीत वडील उघड्या अंगाने बसायचे. गोधडी सोडाच, नुसता सदरा लागला तरी कळवळायचे. कातडीवर काहीच दिसत नसल्यामुळे आम्हालाच वाटायचं, एवढं काय दुखतंय? तुम्ही तसं मनातही आणू नका. कांजिण्यांचाच विषाणू पुन्हा उठतो आणि नसेला इजा करतो. कातडी भरून येते, नस मात्र दुखावलेलीच राहते.

म्हणून साध्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत. वडिलांनी मेडिकलमधून आणून दोन महिने डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी खाल्ली. आग तशीच, वर किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं.

शेवटी नाशिकला पेन क्लिनिक चालवणाऱ्या एका भूलतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गॅबापेंटिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध अगदी कमी डोसवर सुरू केलं आणि किडनी बघत हळूहळू वाढवलं. पहिले आठ-दहा दिवस नुसती गुंगी. वडील गोळी सोडायला निघाले होते. तिसऱ्या आठवड्यात झोप लागू लागली. तेव्हा घाईने औषध टाकू नका, आणि मनाने एकदम बंद तर मुळीच करू नका. गुंगीत तोल जातो, रात्री बाथरूमपर्यंत सोबत जा.

प्रेगाबालिन त्याच जातीचं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन जुनं आणि स्वस्त. ते मूळचं नैराश्यावरचं, म्हणून चिठ्ठीवर पाहून दचकू नका, नसेच्या दुखण्याला डोस बराच कमी असतो. मात्र हृदयविकार, काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. जागा बधिर करणाऱ्या लिडोकेनची पट्टीही मिळते: बारा तास लावायची, बारा तास काढायची. एवढ्याने भागलं नाही तर नसेजवळ इंजेक्शन देतात, वडिलांना ते लागलं नाही. आग पूर्ण गेलेली नाही, पण सदरा घालून ते द्राक्षबागेत छाटणीला उभे राहतात.

पुरळ उठल्यापासून ७२ तासांत विषाणूवरच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात, हे आम्हाला उशिरा कळलं. ते दिवस आम्ही गेरूचा लेप लावण्यात घालवले. घरात पन्नाशीपुढचं आणखी कोणी असेल तर नागिणीच्या लसीचं विचारून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि आई घेतात त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.