वाचक विचारतात : पणजोबांची चांदणी कुठल्या लढाईची?

प्रश्न : माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. घरी त्यांची सहा टोकांची पितळी चांदणी (युद्धातलं पदक) आहे, तिच्यावर 'आफ्रिका स्टार' लिहिलंय. सगळे म्हणतात, ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन सेनापती रोमेलशी लढले. डिस्चार्ज बुकात मात्र '३/५ मराठा' (पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण) आणि 'केरेन' एवढंच सापडतं. मुलीच्या पुस्तकात दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी देणाऱ्या लढाया म्हणून मिडवे, अल अलामेन, स्टालिनग्राड आहेत, केरेन नाही. ही लढाई किरकोळ होती का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आधी चांदणीचं बघू. फीत शिल्लक असेल तर उजेडात धरा. वाळूच्या रंगाची पट्टी, मधोमध जाड लाल पट्टा, एका बाजूला गडद निळी रेघ, दुसऱ्या बाजूला फिकट निळी. लाल रंग भूदलाचा, निळ्या रेघा नौदलाच्या आणि हवाई दलाच्या. वाळूचा रंग दिसला की आपल्याकडे सगळ्यांना रोमेल आठवतो! पण हीच चांदणी पूर्व आफ्रिकेत, तांबड्या समुद्राकाठच्या इरिट्रियात लढलेल्यांनाही मिळाली, आणि केरेन इरिट्रियात आहे. तिथे समोर इटालियन होते. तेव्हा नुसत्या चांदणीवरून रोमेल ठरत नाही.

माझ्या आईचे वडीलही याच पलटणीतले. खानापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी ते 'केरेन'ला 'किरण' म्हणायचे. 'किरणला लई तंगवलं आमाला' हे ऐकून मला वाटायचं, किरण नावाच्या कुणाशी तरी आजोबांचं वैर आहे. पुढे शाळेत इतिहास शिकवताना नकाशावर ते गाव सापडलं, तेव्हा विचारायला आजोबा उरले नव्हते.

केरेनला जायला एकच वाट होती, डोंगोलास खिंडीतून. इटालियनांनी सुरुंग लावून दोन्हीकडचे कडे त्या रस्त्यावर पाडले होते. चोर्ला घाटात दरड कोसळली की गोव्याच्या गाड्या कशा अडकतात ते आपण बघतो. इथे वरच्या सुळक्यांवरून मशीनगनही चालत होत्या. फेब्रुवारी १९४१ मधले पहिले हल्ले फसले. १५ मार्चला पुन्हा सुरुवात झाली. त्या संध्याकाळी ३/५ मराठानं 'पिनॅकल' हा सुळका घेतला, म्हणून १६ तारखेच्या पहाटे खिंडीवरचा डोलोगोरोडॉकचा किल्ला हाती आला. किल्ला आल्यावर सॅपर्सना (रस्ते-पूल बांधणाऱ्या जवानांना) खालची दरड उपसता आली, रणगाडे पुढे सरकले आणि २७ मार्चला केरेन पडलं. आपल्या बाजूचे साडेतीन हजारांहून जास्त जवान मेले किंवा जखमी झाले. याला किरकोळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पलटणीची 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही रणगर्जनाही केरेनपासूनचीच.

आता कलाटणीचं. पुस्तक चूक नाही. मिडवेला जपाननं चार विमानवाहू जहाजं गमावली, स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेलं जर्मन सैन्य अख्खं शरण आलं. केरेन त्या मापाचं नाही. पण इजिप्तमध्ये ब्रिटिशांनी रोमेलला हरवलं, त्या अलामेनच्या धड्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही : ब्रिटिशांकडे रणगाडे आले कुठून? भूमध्य समुद्राची वाट जवळपास बंद होती. माल आफ्रिकेला वळसा घालून तांबड्या समुद्रातून सुएझला यायचा, आणि त्याच वाटेवर मसावा हे इटालियन बंदर. केरेन गेल्यावर ८ एप्रिलला मसावाही पडलं. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी तांबडा समुद्र युद्धक्षेत्राच्या यादीतून काढला, त्यामुळे अमेरिकी जहाजांना सुएझपर्यंत यायची मोकळीक मिळाली. १९४२ मध्ये लिबियातलं टोब्रुक बंदर रोमेलच्या हाती पडल्यावर रूझवेल्टनी दिलेले ३०० शर्मन रणगाडे याच समुद्रातून आले आणि ऑक्टोबरात अलामेनला लढले. मुलीला सांगा, नकाशावर सुएझपासून बोट खाली आणत मसावापर्यंत ने. पणजोबांची लढाई तिथून आत, डोंगरात.

आणि एक विनंती. चांदणी चिंचेनं घासू नका. आमच्या मामीनं आजोबांची चांदणी दर दिवाळीला समयांबरोबर घासली. आता तिच्यावरचं अक्षर डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवल्यावर जेमतेम लागतं.